राहू बेटावरून अँटिग्वा

अँटिग्वा हे नाव आपल्याकडे दोन कारणांनी माहीत असतं. आधीच्या पिढीला ते व्हिव्ह रिचर्ड्समुळे माहीत होतं. आमच्या पिढीला मेहुल चोक्सीमुळे. 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघडकीला आला, तेव्हा त्यातल्या या आरोपीने आदल्याच वर्षी तिथलं नागरिकत्व घेतल्याचं कळलं. ठरावीक रक्कम भरा आणि पासपोर्ट घ्या, अशी योजना तिथल्या सरकारने 2013 मध्ये सुरू केली होती. त्या वेळी मी पहिल्यांदा हे बेट नकाशात शोधलं. कॅरिबियन समुद्रातला 280 चौरस किलोमीटरचा ठिपका. आमचा दौंड तालुका त्याच्या चौपटीहून मोठा.

त्यानंतर काही वर्षांनी त्या बेटावरचं एक पुस्तक हाती लागलं. जमैका किंकेडचं ‘अ स्मॉल प्लेस’. 1988 साली आलेलं, ऐंशी-एक पानांचं. शिवाजीनगरहून दौंडकडे जाणाऱ्या लोकलमध्ये ते वाचायला घेतलं आणि दौंड येईपर्यंत अर्ध्याहून जास्त संपलं. ते लहान होतं म्हणून नाही. ते कुठल्या तरी लांबच्या बेटाबद्दल आहे असं मला वाटेनासं झालं होतं.

त्याचं एक कारण सांगते. मीही बेटावरचीच आहे. दौंड तालुक्यात मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यात जो पट्टा आहे, त्याला सगळे राहू बेट म्हणतात. पुढे वाळकीला, पलीकडच्या रांजणगाव सांडसच्या समोर, या नद्या एक होतात. माझं आजोळ शिरूर तालुक्यात. तेही ‘बेट भागा’तच, टाकळी हाजीकडे, कुकडी आणि घोड यांच्या मध्ये. आम्हाला बेट या शब्दाने नारळाची झाडं आठवत नाहीत. ऊस, मोटारी, बिबट्या आणि कालव्याचं आवर्तन आठवतं.

किंकेडचा जन्म 1949 चा, अँटिग्वाची राजधानी सेंट जॉन्समधला. मूळ नाव इलेन पॉटर रिचर्डसन. सोळा-सतरा वर्षांची असताना घरच्यांनी तिला अमेरिकेत एका कुटुंबात मुलं सांभाळायला पाठवलं. पुढे ती लेखिका झाली, ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहू लागली आणि जवळपास वीस वर्षांनी बेटावर परतून तिने जे पाहिलं, त्यातून हे पुस्तक आलं.

पुस्तकाला प्रकरणांची नावं नाहीत. चार भाग आहेत. पहिल्या भागात ती सरळ वाचकाशी बोलते आणि वाचक हा पर्यटक आहे असं गृहीत धरते. तुम्ही विमानातून उतरता. विमानतळाला पंतप्रधानांचं नाव आहे. शाळेला किंवा दवाखान्याला नाव द्यायचं सोडून विमानतळालाच का, असा प्रश्न तुम्हाला पडू शकतो, पण तुम्ही सुट्टीवर आला आहात. टॅक्सी जपानी, नवी कोरी, पण कसले तरी भयानक आवाज काढणारी. वाटेत वाचनालयाची एक पडकी इमारत लागते. खोलीची खिडकी उघडली की समुद्र दिसतो, आणि तुम्ही खूश होता.

मराठीत हे पुस्तक करायचं तर पहिला पेच इथेच येईल. इंग्रजी ‘यू’चं काय करायचं? ‘तू’ म्हटलं तर ते भांडण होईल. ‘आपण’ म्हटलं तर सरकारी पत्रक. मला वाटतं, ‘तुम्ही’च हवं. पाहुण्याला पाट देताना, पाणी देताना, बिल देताना जे वापरतात ते. या पुस्तकातली सगळी धार त्या अदबीत आहे. चहाचा ट्रे पुढे करता करता एखाद्या वेटरने शांतपणे तुमचा हिशेब मांडावा, तसं ती बोलते.

आणि हा हिशेब ती पाण्यापासून सुरू करते. अँटिग्वाला लख्ख ऊन आहे, कारण तिथे पाऊस कमी. पर्यटकाला ते ऊन हवं असतं. भोवती सगळा समुद्र आणि प्यायच्या पाण्याचा थेंब थेंब जपायचा, असं जगणाऱ्यांचा विचार त्याच्या मनात येत नाही. मग ती आणखी खाली उतरते. बेटावर सांडपाण्याची धड व्यवस्था नाही. तुम्ही हॉटेलच्या संडासात जे सोडून दिलं, ते कुठे गेलं असेल? तुम्ही आत्ता ज्या निळ्या पाण्यात पाय सोडून बसला आहात, तिथे तर नाही ना?

हे वाचून मी पुस्तक मिटलं, कारण मला भिगवणची सहल आठवली.

एका हिवाळ्यात आम्ही ऑफिसमधले दहाजण उजनीच्या फुगवट्यावर पक्षी बघायला गेलो होतो. पहाटे निघून कुंभारगावला पोचलो. धुकं, लांबवर उभे असलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि लांब लेन्सचे कॅमेरे. सगळं फार सुंदर होतं. हे मी उपरोधाने म्हणत नाही. बोट काठाजवळ आली तेव्हा वास आला. आमच्यातल्या एकीने नाकाला ओढणी लावून विचारलं, “पाण्याला असा वास का येतोय?” बोटवाल्या काकांनी वल्हं न थांबवता सांगितलं, “ताई, तुमच्याकडनंच येतंय की ते.”

सगळे हसले. मीही हसले, पण मला त्या बोटीत नेमकं कुठे बसावं हे कळेना. मी हडपसरला भाड्याच्या खोलीत राहते. माझ्या मोरीतलं पाणी मुळा-मुठेला मिळतं. ते पाणी माझ्याच गावावरून वाहत येतं, जलपर्णीचे गालिचे घेऊन वाळकीला भीमेत शिरतं, आणि दौंडवरून पुढे उजनीत जाऊन थांबतं. शहराच्या सगळ्या सांडपाण्यावर प्रक्रिया होत नाही, हे पुण्यात कुणाला नवीन नाही. जपानच्या कर्जातून नदी शुद्ध करण्याचा प्रकल्प 2016 च्या सुमारास मार्गी लागला, तेव्हापासून ‘काम चालू आहे’ हे आम्ही ऐकतो आहोत. दुसरीकडे, मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडतात आणि त्यावर हवेली-दौंडकडचा ऊस उभा राहतो. धरणातलं चांगलं पाणी शहराला आधी. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, यावर दौंड-इंदापूरची दरवर्षीची भांडणं त्यानंतर.

म्हणजे बोटीतल्या दहाजणांनी शहरात वापरून सोडलेलं पाणी चार तालुके ओलांडून पुढे आलं होतं, आणि ते बघायला आम्ही पैसे देऊन आलो होतो. नंतर काठावर आम्ही चिलापीचं कालवण आणि भाकरी खाल्ली. अँटिग्वाच्या हॉटेलातलं ‘ताजं स्थानिक’ जेवण मायामीहून विमानाने येतं, असं किंकेड सांगते. आमचं खरोखरच स्थानिक होतं. त्याच पाण्यातलं.

आणि उजनीचा फुगवटा म्हणजे काही निसर्गाने आयता दिलेला तलाव नव्हे. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं तेव्हा त्याखाली गावं गेली. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, आणि मग त्याचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ फिरतात. आपण ते ‘अद्भुत’ म्हणून फॉरवर्ड करतो. ज्यांची घरं त्या देवळाच्या आसपास होती, त्यांना त्या व्हिडिओत वेगळं काही दिसत असणार. पर्यटनस्थळ बहुतेकदा आधीच्या कुठल्या तरी व्यवहाराच्या वर उभं असतं, हे किंकेडच्या पुस्तकातलं मुख्य निरीक्षण मला असं घराजवळ सापडलं.

अँटिग्वात तो आधीचा व्यवहार साखरेचा होता. सतराव्या शतकात कॉड्रिंग्टन या इंग्रज घराण्याने ‘बेटीज होप’ नावाचा मोठा मळा तिथे उभा केला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी शंभर-दीडशे वर्षं तिथला ऊस तोडला आणि गाळला. त्यांच्या पवनचक्क्यांचे दगडी बुरूज आजही बेटभर उभे आहेत आणि पर्यटक त्यांच्यापुढे फोटो काढतात. 1834 मध्ये गुलामगिरी संपली, पण जमीन मालकांकडेच राहिली. विसाव्या शतकात मजुरांची संघटना उभी राहिली. तिचे पुढारी व्हीअर बर्ड 1981 मध्ये स्वतंत्र अँटिग्वाचे पहिले पंतप्रधान झाले, आणि विमानतळाला नाव आहे ते त्यांचंच. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा पंतप्रधान झाला. साखर मात्र त्याआधीच, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, बंद पडली होती आणि फडातले हात हॉटेलात गेले.

उसातून पुढारी, पुढाऱ्यातून सत्ता, सत्तेतून घराणं. पाटसचा भीमा किंवा न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना ज्यांच्या बोलण्यात रोज असतो, त्या भागातल्या वाचकाला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. फरक आहे तो कोयता कुणाच्या हातात, याचा. माझ्या घरचे ऊस लावणारे. तोडणारे येतात बीडकडून, नगरकडून, मुकादमाची उचल अंगावर घेऊन. आमच्या रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडायच्या. त्यांच्यातली माझ्या वयाची मुलगी हंगामात आमच्या शाळेत दोन-तीन महिने यायची आणि पट्टा पडला की निघून जायची. उचलीला गुलामगिरी म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. पण किंकेड वाचताना मी स्वतःला आपोआप सोसणाऱ्यांच्या बाजूला बसवलं होतं, आणि ती मुलगी आठवल्यावर मला तिथून उठावं लागलं.

या पुस्तकावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की ते फार रागाने लिहिलं आहे. मराठी वाचकाला तो आक्षेप फारसा पटू नये. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा आपण हे वाद घालून झालो आहोत. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि या जगात आपण परके आहोत हे ते तिच्यात लपवत नाहीत. रागीट पुस्तक वाचायची ती एक प्रामाणिक पद्धत वाटते: आपण पाहुणे आहोत हे मान्य करून आत जाणं. उलट आपलं बहुतेक प्रवासवर्णन पाहुण्याच्या खुर्चीतूनच लिहिलेलं आहे. ‘अपूर्वाई’पासून मीना प्रभूंपर्यंत त्या खुर्चीतून आपल्याला खूप काही दिसलं, आणि मी ती पुस्तकं आनंदाने वाचली आहेत. मात्र खोली झाडणाऱ्या बाईने लिहिलेलं प्रवासवर्णन मला मराठीत आठवत नाही. किंकेडचं पुस्तक ते आहे.

तिसऱ्या भागात तर तिचा राग पर्यटकाला सोडून आपल्याच लोकांवर येतो. 1974 च्या भूकंपात सेंट जॉन्सचं जुनं वाचनालय मोडलं. दुरुस्ती व्हायची आहे, अशी पाटी तिथे लागली आणि दहा वर्षांनंतरही ती तशीच होती. नवी इमारत व्हायला अखेर चाळीस वर्षं लागली. लहानपणी ज्या वाचनालयात बसून ती वाचायची, त्याच्याबद्दल ती जे लिहिते, ते पुस्तकातलं सर्वांत हळवं लेखन आहे. त्याच भागात हॉटेल प्रशिक्षण शाळेचा उल्लेख येतो. गुलामगिरी संपल्याचा उत्सव करणारे लोक, चांगला नोकर कसं व्हावं हे शिकवणाऱ्या शाळेचाही अभिमान बाळगतात. या दोन गोष्टींचा संबंध त्यांना दिसत नाही, म्हणून ती चिडते.

इथे मी तिच्याशी वाद घालते. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला मी अनेकदा गेले आहे. चिंचांची जुनी झाडं, त्यांवर आणि शेतांतून वावरणारे मोर. पेशव्यांच्या काळात ही झाडं लावली असं गावात सांगतात. आता तिथे शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. बैलगाडी, झोका, चुलीवरचं पिठलं-भाकरी, थंडीत हुरडा. 2005 पासून बारामतीजवळच्या माळेगावातून कृषी पर्यटनाची जी चळवळ पसरली, तिच्यासाठी राज्याने 2020 मध्ये धोरणही आणलं. यात देखावा आहे का? आहे. नऊवारी नेसून भाकरी थापणाऱ्या मावशी एरवी साधी गोल साडी नेसतात, हे कुणालाही कळतं. पण भाकरी त्यांची, ज्वारी त्यांची, आणि मुख्य म्हणजे सातबारा घरच्यांच्या नावावर आहे. पाहुण्यांच्या पुढे ताट ठेवणारा मालक असतो तेव्हा त्या वाकण्याचा अर्थ बदलतो. अँटिग्वात समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं बहुतेक बाहेरच्यांची. किंकेडला सेवा आणि गुलामी एकच दिसतात, कारण तिच्या बेटावर मधली पायरी फारशी उरलेली नव्हती. आमच्याकडे ती अजून आहे. एकरी भाव ज्या वेगाने वाढत आहेत आणि रस्त्याकडेची रानं ज्या वेगाने शहरातल्या माणसांच्या नावावर होत आहेत, ते बघता किती वर्षं राहील ते सांगता येत नाही. आणि सातबारा ‘घरच्यांच्या’ नावावर म्हणताना त्यात त्या मावशींचं नाव असतंच असं नाही, हेही आहे.

दुसरा वाद इंग्रजांबद्दलचा. सेंट जॉन्समधल्या रस्त्यांना नेल्सन, ड्रेक अशा इंग्रज दर्यावर्दींची नावं होती. किंकेडच्या लेखी ते सरळ गुन्हेगार, आणि साम्राज्याची प्रत्येक खूण म्हणजे जखम. मी ज्या रस्त्याने आजोळी जाते, त्यावर पेरणे फाट्याला जयस्तंभ लागतो. नदीपलीकडे शिरूर तालुक्यातलं कोरेगाव भीमा. 1 जानेवारी 1818 च्या लढाईची आठवण म्हणून कंपनी सरकारने तो उभारला. त्यावर महार सैनिकांची नावं आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि आज दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक येतात. ते पर्यटक नसतात. राज्यकर्त्याने स्वतःच्या गौरवासाठी उभारलेला दगड त्यांनी स्वतःचा करून घेतला आहे. मालक आणि गुलाम अशा दोनच बाजू असलेल्या किंकेडच्या चौकटीत हे बसत नाही. जिथे पेशवाईतही एका माणसाला रस्ता मोकळा नव्हता, तिथे कंपनीच्या स्तंभाचा अर्थ सेंट जॉन्सच्या नेल्सन रस्त्यासारखा कसा लागेल?

तरीही माझी खरी तक्रार वेगळी आहे. पहिल्या भागाच्या शेवटी किंकेड म्हणते, की स्थानिक माणसाला पर्यटक आवडत नाही, कारण प्रत्येकालाच आपल्या रोजच्या कंटाळ्यातून चार दिवस सुटायचं असतं. पण जगातल्या बहुतेकांकडे जायला पैसे नसतात, आणि पर्यटक त्यांच्या कंटाळ्याचं रूपांतर स्वतःच्या मौजेत करतो. हे खरं आहे. पण ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ यांच्या मध्ये तिसरं कुणीतरी उभं असतं: जी तिथून निघाली आणि आता परत बघायला आली आहे. ती स्वतः किंकेड आहे. अमेरिकेतून आलेली, तिकीट परवडणारी. अँटिग्वात राहिली असती तर हे पुस्तक तिला लिहिता आलं असतं का, हा प्रश्न पुस्तकात सतत जाणवतो. त्यावर ती थांबत मात्र नाही. सगळ्यांना बोट दाखवणाऱ्या या पुस्तकात लेखिकेची स्वतःची खुर्ची तेवढी अंधारात राहते.

आमच्यासारख्यांसाठी तीच खुर्ची महत्त्वाची आहे. चाकणला, हिंजवडीला, हडपसरला राहणारे आणि शनिवारी गावाकडची गाडी पकडणारे आम्ही हजारोंनी आहोत. गावात गेलो की आम्ही फोटो काढतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, काकवीचा रंग, संध्याकाळची नदी. आत्या विचारते, “रोजच्या धुराचा कसला फोटो काढती गं?” तिला त्या धुराने खोकला होतो. मी पोस्ट टाकते, त्याला ‘माझं गाव’ म्हणते, आणि रविवारी रात्री शहरात येऊन नळ सोडते. किंकेडच्या ‘तुम्ही’मध्ये मी आहे आणि ‘आम्ही’मध्येही आहे. बोटीत मला जागा सापडत नव्हती ती यामुळेच.

पुस्तकाचा शेवटचा भाग फक्त काही पानांचा आहे. एवढा राग संपवून ती बेटाच्या सौंदर्याबद्दल लिहिते. समुद्राचे रंग, ऊन, फुलं. सगळं इतकं सुंदर की खरं वाटू नये. आणि हे सौंदर्य म्हणजे तिथल्या माणसांसाठी एक तुरुंगच, असं तिला वाटतं. शेवटी ती म्हणते, की मालकपण टाकलं की मालक नुसता माणूस उरतो, आणि गुलामही सुटल्यावर नुसता माणूस असतो. पहिल्या वाचनात मला हा शेवट फार घाईचा वाटला होता. आता वाटतं, एवढ्यासाठीच आधीची सत्तर पानं होती. ‘नुसता माणूस’ होणं म्हणजे आपल्या घाणीचा आणि आपल्या मौजेचा हिशेब स्वतः ठेवणं. पर्यटकानेही, स्थानिकानेही, आणि मधे लोंबकळणाऱ्यानेही.

परवा गावी गेले होते. वाळकीच्या संगमावर उभी राहिले. एका बाजूने भीमेचं पाणी, दुसऱ्या बाजूने मुळा-मुठेचं काळपट, कडेला फेस असलेलं. पलीकडे शिरूर तालुका. सूर्य मावळत होता आणि दृश्य खरंच छान होतं. मी फोटो काढला. या वेळी फेसही त्यात घेतला.